डाळिंब, द्राक्ष आणि बोरीच्या बागेत आवाजाने पाखरं राखण्याची पद्धत

सोलापूरच्या शिवारात पाखरांचा त्रास वर्षभर जागा बदलत फिरतो. मृग बहाराचं, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडी फुलावर आलेलं डाळिंब नोव्हेंबर ते जानेवारीत रंगावर येतं, त्याच सुमारास बोरी लगडतात, जानेवारीपासून द्राक्षाच्या मण्यात पाणी उतरायला लागतं, म्हणजे मणी मऊ आणि गोड व्हायला लागतात. सांगोल्यापासून बार्शीपर्यंत राघू, साळुंक्या, बुलबुल आणि हिवाळ्यात येणाऱ्या भोरड्या हे सगळं टिपत राहतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये मंगळवेढ्याकडची ज्वारी निघाली की रानातलं खाणं कमी होतं आणि उशिराच्या द्राक्षावरचा ताण वाढतो.

गोफण आणि माळा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होता. आता पहाटेपासून माळ्यावर बसायला माणूस मिळत नाही, म्हणून भोंगे, गॅसच्या तोफा, वाजणाऱ्या पट्ट्या बाजारात आल्या आहेत. यातलं काही खरंच उपयोगी आहे, काही निव्वळ पैसे घालवणं आहे. ज्याला उपयोगी म्हणतो तेही एकाच अटीवर काम करतं: आवाजामागे खरा धोका आहे, असं पाखराला वाटत राहिलं पाहिजे. ज्या दिवशी त्याला कळलं की इथे नुसताच आवाज होतो, त्या दिवसापासून ते भोंग्यावरच बसायला लागतं. खाली जे सांगितलं आहे त्यातला बहुतेक भाग हा दिवस लांबवण्यासाठी आहे.

आधी खाणारा कोण ते ओळखा

यंत्र घेण्यापूर्वी सकाळी उजाडताना बागेत फिरा आणि फळं हातात घेऊन पाहा. राघूने फोडलेल्या डाळिंबाची साल ओढून फाडल्यासारखी असते, कडा ओबडधोबड असतात, दाणे अर्धवट खाल्लेले आणि सालीचे तुकडे खाली पडलेले असतात. राघू एक फळ पुरतं न संपवता दुसऱ्यावर जातो, त्यामुळे खाण्यापेक्षा नासधूस जास्त. बुलबुलाची चोच नाजूक, तो बहुतेक तडकलेलं किंवा दुसऱ्याने फोडलेलं फळच कोरतो. खारीने खाल्लेल्या सालीवर दातांच्या बारीक समांतर रेघा दिसतात. झाडाखाली चोखून टाकलेल्या गराचा चोथा पडला असेल तर ते वटवाघळाचं काम, आणि ते रात्री होतं. फळावर टाचणीएवढं एकच भोक, भोवती मऊ पडलेला डाग आणि दाबल्यावर रस, असं असेल तर रस शोषणारा पतंग समजा.

खार, वटवाघूळ आणि पतंग या तिघांवर खाली सांगितलेल्या उपायांचा भरवसा धरू नका. अनेक बागांत पतंगाचं नुकसान पाखरांच्या नावावर जातं आणि भोंगा लावूनही फळं सडतच राहतात.

मग वीस झाडांना खुणेची फीत बांधा, दहा कडेची आणि दहा आतली. दर चार दिवसांनी त्यांच्यावरची फोडलेली फळं मोजून वहीत लिहा आणि मोजलेली फळं काढून टाका. पाखरांचं नुकसान सहसा कडेला जास्त असतं, विशेषतः ज्या बांधावर लिंब, बाभूळ किंवा विजेच्या तारा आहेत त्या बाजूला. भोंग्याची जागा याच आकड्यांवरून ठरते, आणि पुढे यंत्राचा असर उतरायला लागला की तेही इथेच आधी दिसतं.

बाजारातल्या वस्तू

माणसाला ऐकू न येणाऱ्या अल्ट्रासॉनिक आवाजाची यंत्रं घेऊ नका. बहुतेक पक्ष्यांना १ ते ४ किलोहर्ट्झमधलं सर्वांत चांगलं ऐकू येतं आणि साधारण १० किलोहर्ट्झच्या वर जवळजवळ काहीच नाही. अल्ट्रासॉनिक सुरूच होतं २० किलोहर्ट्झला. जो आवाज पाखराच्या कानातच शिरत नाही, त्याने ते उडणार कसं? दुकानदार कितीही एकराची हमी देवो.

वाऱ्यावर वाजणारी पट्टी, म्हणजे पातळ प्लास्टिकची ताणून बांधलेली फीत, स्वस्त आहे आणि पहिले काही दिवस चांगलं काम करते. दोन खांबांमध्ये बांधताना तिला दोन-तीन पीळ द्या, नाहीतर ती वाजत नाही, नुसती फडफडते. झाडाच्या शेंड्याच्या थोडी वर राहिली पाहिजे, फांदीला घासली की दोन दिवसांत तुटते. हिवाळ्यात पहाटे वारा पडलेला असतो आणि पाखरं नेमकी तेव्हाच येतात, हा तिचा मोठा दोष. चकाकणारी लाल-रुपेरी रिबन सोबत लावली तर ऊन पडल्यावर निदान डोळ्याला काही दिसतं. दोन्ही मिळून जोडीला ठेवा, मुख्य उपाय म्हणून नको.

गॅसची तोफ मोठ्या क्षेत्राला चालते, साधारण दोन हेक्टरला एक. एलपीजी थोडा थोडा कोठीत भरतो, ठिणगी पडते आणि बार होतो. बार दर दोन-तीन मिनिटांनी ठेवला तर आठवड्याभरातच पाखरं सरावतात. किमान दहा-पंधरा मिनिटांचं अंतर ठेवा, ते बदलतं ठेवता येत असेल तर उत्तम, आणि तोफ दर तीन दिवसांनी हलवा. नळी शेंड्याच्या वर येईल असं तिकाटणं करा, तोफेभोवतीचं वाळलं गवत दोन मीटरपर्यंत काढून टाका. सिलिंडर तोफेला खेटून ठेवू नका, प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावून गळती तपासा. घरगुती सिलिंडर यासाठी वापरणं बेकायदा आहे, व्यावसायिकच घ्या. तोफेच्या दणक्याने म्हशी बुजतात, कुक्कुटपालनाची शेड जवळ असेल तर कोंबड्या एकमेकींवर पडून मरतात. वस्ती दाट असलेल्या शिवारात तोफ नकोच.

पीव्हीसी पाइपात कार्बाइड आणि पाणी घालून बार काढण्याची जी जुगाडू बंदूक फिरते, तिच्यापासून पूर्ण लांब राहा. ॲसिटिलीन वायू कधी पेटेल याचा भरवसा नसतो, आणि बार झाला नाही म्हणून माणूस नळीत डोकावतो, तेव्हाच पेटतो. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात अशा कार्बाइड गनमुळे अनेक मुलांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाल्या. शिवाय कार्बाइडने फळं पिकवायला कायद्याने बंदी आहे. ते बागेत सापडणं एवढंच तुमच्या मालावर संशय यायला पुरेसं होतं.

राहिला भोंगा, ज्यातून पाखरांचेच धोक्याचे आवाज ऐकवायचे. दोन-तीन एकरांच्या बागेला हाच सगळ्यांत शहाणपणाचा मार्ग आहे, म्हणून यावर जास्त लिहितो.

भोंग्याचा संच कसा जुळवायचा

आवाजाचा हिशेब आधी समजून घ्या. अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. चांगला भोंगा १० वॅटवर एका मीटरला सुमारे ११५ डेसिबल देतो. म्हणजे १० मीटरवर ९५, ४० मीटरवर ८३, ८० मीटरवर ७७, आणि पानोळा व वारा त्यातूनही खातात. भोंग्याच्या समोर चाळीस-पन्नास मीटर हीच खात्रीची मर्यादा धरा, पाठीमागे त्याहून बरीच कमी. वॅट दुप्पट केले तर फक्त ३ डेसिबल वाढतात. म्हणून एक मोठा भोंगा बागेच्या मधोमध लावण्यापेक्षा दोन लहान भोंगे दोन बाजूंना लावलेले कधीही बरे. एकराला दोन, अडीच एकराला चार.

एका संचाला लागणारं सामान असं: ८ ओहमचे, १५ ते ३० वॅटचे दोन भोंगे. १२ व्होल्टवर चालणारा स्टिरिओ अॅम्प्लिफायर बोर्ड. एमपी३ बोर्ड आणि ३२ जीबीपर्यंतचं मेमरी कार्ड. १२ व्होल्टचा डिजिटल टायमर. १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची सीलबंद बॅटरी, २० वॅटचं सोलर पॅनेल आणि १० अँपिअरचा चार्ज कंट्रोलर. ३ अँपिअरचा फ्यूज, १.५ चौरस मिलिमीटरची दुपदरी वायर, पाणी न शिरणारी पेटी, आणि दीड इंची जीआय पाइप.

घेताना चार ठिकाणी लोक फसतात. टायमर १२ आणि २३० व्होल्टचे दिसायला हुबेहूब सारखे असतात, मागचा छाप वाचूनच घ्या. अॅम्प्लिफायरवर ५० वॅट लिहिलेलं असलं तरी १२ व्होल्टवर ८ ओहमच्या भोंग्यात प्रत्येक बाजूला ९ वॅटच्या आसपासच उतरतात. ते आपल्याला पुरेसे आहेत, पण त्या आकड्याचे जादा पैसे देऊ नका. एमपी३ बोर्ड वीज येताच कार्डवरची फाइल आपोआप सुरू करतो का आणि आवाजाची पातळी लक्षात ठेवतो का, हे दुकानातच दोनदा वायर काढून-लावून बघा. आणि ब्लूटूथ असलेला बोर्ड टाळा, तो दर वेळी सुरू होताना बाईच्या आवाजात इंग्रजीत ब्लूटूथची घोषणा करतो आणि ती पहाटे साडेसहाला भोंग्यातून सगळ्या वस्तीला ऐकू जाते.

जोडणी सोपी आहे. पॅनेल, बॅटरी आणि भार (म्हणजे वीज खाणारे टायमर आणि बोर्ड) या तिघांच्या वायरी कंट्रोलरवर दिलेल्या खुणांप्रमाणे लावा, पण क्रम पाळा: आधी बॅटरी, मग पॅनेल, शेवटी भार. सोडवताना उलटा. फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकापासून वीतभर अंतराच्या आत असावा, लांब असेल तर मधल्या वायरीला उंदराने कुरतडलं की वाचवायला काही उरत नाही. भाराची वायर टायमरमधून जाऊन अॅम्प्लिफायर आणि एमपी३ बोर्डाला द्या. पेटीपासून ५० मीटर लांबच्या भोंग्याला १.५ चौरस मिलिमीटरची वायर चालते, तेवढ्या लांबीत सव्वा ओहमच्या आसपास रोध येतो आणि आवाज एखादा डेसिबल उतरतो. पातळ बेल वायर वापरली तर मात्र दूरचा भोंगा कुजबुजतो.

विजेचा हिशेब: बोर्ड नुसते चालू असताना सुमारे ०.१५ अँपिअर घेतात, आवाज निघताना सरासरी १ अँपिअर. दिवसाला सहा-सात तास संच चालू आणि त्यातला जेमतेम सहा टक्के वेळ प्रत्यक्ष आवाज, म्हणजे रोज दीड अँपिअर-तास. बॅटरी अर्ध्याच्या खाली उतरवायची नाही असं धरलं तरी दोन ढगाळ दिवस निघतात. पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून २० ते २५ अंशांवर कलतं लावा. हिवाळ्यात द्राक्षावरच्या फवारणीचा थर काचेवर बसतो, तो आठवड्याला ओल्या फडक्याने पुसा. संच बंद पडल्याच्या तक्रारींत हे कारण वारंवार निघतं.

भोंगा शेंड्याच्या वर मीटरभर असावा. डाळिंबाला दहा-अकरा फूट, द्राक्षाच्या मंडपाला साधारण तेवढीच, बोरीला जास्त उंची लागते. तोंड पाखरं येतात त्या बांधाकडे आणि किंचित खाली झुकलेलं ठेवा, म्हणजे फळावर बसायच्या आधी त्यांना आवाज ऐकू जातो आणि पावसाचं पाणी आत साठत नाही. तोंडावर बारीक प्लास्टिकची जाळी बांधली नाही तर गांधीलमाशी आत घर करते आणि आवाज घोगरा होतो. पेटीची वायरीची भोकं खाली ठेवा आणि सिलिकॉनने बुजवा, मुंग्या आणि पाली तिथूनच शिरतात.

आवाज कोणते, किती, कधी

इथेच खरी मेहनत आहे. ज्या पाखराचा त्रास, त्याच जातीचा धोक्याचा किंवा पकडल्यावरचा ओरडा हवा. राघूच्या ओरड्याने बुलबुल फारसा हलत नाही. झेनो-कँटो या संकेतस्थळावर जगभरच्या पक्ष्यांची ध्वनिमुद्रणं प्रकारवार आहेत, प्रत्येकाच्या वापराच्या अटी तिथेच लिहिलेल्या असतात, त्या पाहून उतरवा. नुसतं गाणं किंवा जोडीदाराला घातलेली साद चुकून घेऊ नका, तिने पाखरं उलट जमतील. शिकारी पक्ष्यांत शिक्र्याचा आवाज ठेवा. घारीचा नको, घार आपल्या आकाशात रोजच असते आणि तिला कुणी भीत नाही. आवाज मिळवण्यासाठी पाखरू पकडायचं तर मुळीच नाही. राघूसह ही सगळी पाखरं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहेत.

ऑडासिटी हे मोफत सॉफ्टवेअर घेऊन फाइली बनवा. ध्वनिमुद्रणातला माणसाचा आवाज आणि गाड्यांची घरघर कापा. ५०० हर्ट्झच्या खालचा भाग हाय-पास फिल्टरने काढून टाका, कारण खर्जाने भोंग्याचा पडदा फाटतो आणि पाखरांच्या ओरड्यात तो नसतोच. मग १५ ते ३० सेकंदांचा आवाज आणि पुढे ४ ते १५ मिनिटांची शांतता अशा दहा-बारा फाइली करा, प्रत्येकीत शांतता वेगळी. शांतता फाइलीतच असल्यामुळे वेगळं नियंत्रक सर्किट लागत नाही. फाइल स्टिरिओ ठेवा: एक आवाज फक्त डाव्या बाजूला, पुढचा फक्त उजव्या. दोन भोंगे पन्नास मीटर लांब असल्याने ओरडा एकदा या बांधावरून आणि एकदा त्या बांधावरून येतो, आणि धोका हलतो आहे असं पाखराला वाटतं. एवढ्या एका युक्तीने सवय लागायला बराच उशीर होतो.

टायमरवर सकाळी ६.३० ते १० आणि दुपारी ४ ते ६.३० लावा. पाखरांची मुख्य चराई याच वेळात होते, भर दुपारी वाजवणं म्हणजे त्यांना फुकटचा सराव देणं. टायमर लावताना सकाळ-संध्याकाळची खूण नीट पाहा. ती उलटी पडली तर संच संध्याकाळी साडेसहाला सुरू होतो आणि सकाळी पाखरांना रान मोकळं मिळतं.

सुरुवात कधी करायची, यावर निम्मं यश आहे. द्राक्षात मण्यात पाणी उतरायला लागताच, डाळिंबात आणि बोरात रंग फिरायला लागताच. पाखरांना एकदा बागेची चव लागली आणि थवा ठरावीक वाटेने यायला लागला की कोणताही आवाज त्यांना पूर्ण हटवत नाही. पण त्याच्या महिनाभर आधीपासूनही वाजवू नका, फळ तयार होईपर्यंत आवाज जुना झालेला असतो.

पहिले चार-पाच दिवस माणूस लागतोच. भोंगा ओरडला की राखण्याने त्याच बांधावर जाऊन हाकारे घालायचे आणि रिकाम्या गोफणीचा फटकारा काढायचा, दगड न लावता. आवाज झाला की माणूस येतो ही गाठ पाखराच्या मनात एकदा बसली की पुढे नुसत्या आवाजावर काही दिवस निघतात. ती सैल पडतेय असं दिसलं की पुन्हा दोन सकाळी माणूस उभा करा. हे टाळून भोंगा लावून घरी गेलेल्यांच्या बागेतच यंत्र फुकट गेल्याच्या गोष्टी ऐकू येतात.

दर चार दिवसांनी वहीतली मोजणी करताना भोंगे एक-दोन ओळी हलवा आणि कार्डवरच्या निम्म्या फाइली बदला. पहिल्या दिवशी धोक्याचा ओरडा ऐकून काही पाखरं जवळ येऊन घिरट्या घालतात, घाबरू नका, ती काय झालं ते बघायला येतात आणि मग निघून जातात. पण पाचव्या-सहाव्या दिवशीही ती जवळच्या लिंबावर बसून राहत असतील, आवाज झाल्यावर नुसती मान वळवत असतील, तर सवय लागली. तेव्हा आवाज वाढवू नका. दोन-तीन दिवस संच पूर्ण बंद ठेवा, तेवढे दिवस रिबन आणि माणूस, मग नव्या जागी नव्या फाइलींनी सुरू करा.

काही परिस्थितींत आवाज पुरा पडत नाही हे धरून चला. शिवारात एकटीच बाग असेल, आजूबाजूला पाखरांना दुसरं खाणंच नसेल, तर भूक भीतीवर मात करते. निर्यातीच्या द्राक्षाला आणि डाळिंबाच्या कडेच्या दोन-तीन ओळींना जाळी घाला, भोंगा आतल्या भागासाठी ठेवा. आणि फोडलेली, तडकलेली फळं रोज उचलून पुरा. ती झाडाखाली लोळत असताना थव्याला येण्याचं कारण तुम्हीच देत असता.

शेजार, कायदा आणि माळढोक

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ भोंगा बंद ठेवावा लागतो आणि ध्वनिवर्धकासाठी लेखी परवानगी लागते. निवासी भागात दिवसाची सरासरी मर्यादा ५५ डेसिबल आहे. शाळा आणि दवाखान्याभोवती १०० मीटरचं शांतता क्षेत्र असतं. वरचाच हिशेब पुढे नेला तर ११५ डेसिबलचा भोंगा मोकळ्या माळावर ५५ वर यायला एक किलोमीटर घेतो. म्हणून तोंड वस्तीकडे कधीच नको. ग्रामपंचायत आणि पोलीस ठाण्यात अर्ज द्या, शेजाऱ्यांना वेळा आधी सांगा. तुमच्या बागेतून उठलेलं पाखरू त्यांच्याच बागेत बसणार असतं, तेव्हा तीन-चार शेजाऱ्यांनी मिळून एकाच वेळी संच चालवले तर थवा शिवार सोडतो आणि भांडणही टळतं.

नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या आसपास द्राक्षबागा आहेत. तिथे तोफ किंवा भोंगा लावण्याआधी वन विभागाला विचाराच. माळरानावर जमिनीवर अंडी घालणाऱ्या पाखरांना हा आवाज घरटं सोडायला लावू शकतो, आणि त्यांचा तुमच्या द्राक्षाशी काही संबंध नसतो. अशा ठिकाणी जाळी हाच मार्ग. भोरड्यांबद्दलही एक सांगायला हवं: त्या टोळ आणि अळ्या भरपूर खातात. फळ नसलेल्या महिन्यांत त्यांना हाकलण्यात आपलाच तोटा आहे.

तोडणी संपली की त्याच दिवशी संच बंद करा. कार्ड काढून त्यावर हंगाम आणि वापरलेल्या फाइलींची नावं लिहून ठेवा, पुढच्या वर्षी त्याच फाइलींनी सुरुवात करू नका. भोंगे उतरवून कोरड्या जागी पालथे ठेवा. बॅटरी पूर्ण चार्ज करून सोडवा आणि दर दोन महिन्यांनी एकदा चार्ज करा. रिकाम्या अवस्थेत पडलेली बॅटरी उन्हाळ्यातच मरते. वायरीचे जोड कापून नव्याने सोलायचं काम पुढच्या जोडणीच्या वेळी करा, फवारणीच्या औषधांनी तांबं हिरवं पडलेलं असतं.